वाकड्या कानांची घुबडीण

एकदा काय झालं, एका गोठ्यात, गव्हाणीच्या वर माळ्यावर, एक घुबडीण राहायची. तिला तीन पिल्लं होती. पांढरी, कापसाच्या बोंडासारखी.

गोठ्यात उंदीर पुष्कळ. पण घुबडिणीला एकही मिळत नसे. का? तर तेव्हा तिचे पंख कावळ्यासारखे होते, बरं का. उडाली की फडफड, फडफड! उंदीर म्हणायचे, "आल्या बाईसाहेब! चला घरात." की बिळात पसार.

पिल्लं भुकेनं रात्रभर ओरडायची. एका रात्री धाकटं ओरडायचंच थांबलं. नुसतं चोच उघडून आईकडे बघत राहिलं.

मग उजाडताच ती गेली हुसेनबी पिंजारणीकडे. हुसेनबी दारात कापूस पिंजत बसली होती.

"हुसेनबी, माझे पंख फार बोलतात गं."

"बस इथं. हललीस तर पीस उपटून हातात येईल, मग मला नाव ठेवू नकोस."

तिनं एकेक पीस धरलं आणि त्याची कड पिंजून मऊ मऊ केली. झालर लावल्यासारखी. मग घुबडीण उडून बघते तर काय, आवाजच नाही! वारासुद्धा जागा झाला नाही.

त्या रात्री ती कडब्यावरून उडाली. उंदरांना पत्ता लागला नाही. पण कडब्याखाली खुसफुस चाललेली, ती नेमकी कुठं, हे तिलाही कळेना. इथं झडप घालावी, तर पंजात काडी. तिथं घालावी, तर पुन्हा काडीच.

मग ती गेली भिवा कुंभाराकडे. भिवा जेवून सावलीत पेंगत होता.

"भिवादादा, मला नीट ऐकू येईल असं काही कर. माझं धाकटं गप झालंय रे."

भिवा उठला. माती मळली. तिचा चेहरा परळासारखा गोल आणि खोलगट केला. "परळात पाणी जमतं ना, तसा यात आवाज जमेल," म्हणाला. मग दोन बाजूंना दोन कान बसवले. पण डोळ्यांवर झोप होती त्याच्या. एक कान बसला वर, एक बसला खाली. आणि माती वाळली की! डोळेही घट्ट रुतले, इकडे तिकडे फिरेनात.

"अरे देवा!" भिवा कपाळाला हात लावून म्हणाला. "थांब, निदान मान तरी फिरती करतो." चाकावर मडकं फिरावं, तशी त्यानं तिची मान सैल केली. पार पाठीमागं बघता येईल इतकी.

वाटेत कावळा भेटला. "काय गं मावशी, कानांचं भांडण झालंय वाटतं?"

घुबडीण तशीच पुढं उडाली. तिचं सगळं चित्त धाकट्याकडे.

मग रात्र झाली. कडब्याखाली खुट्ट झालं. वरच्या कानाला एक ऐकू आलं, खालच्याला दुसरंच. तिला गरगरल्यासारखं झालं. मग तिनं मान जराशी कलती केली. आणखी जराशी. आणि दोन्ही कानांत आवाज सारखा झाला. उंदीर तर बरोबर नाकासमोर, त्या काडीखाली!

झेपावली. हूं नाही की चूं नाही. पंजे पसरले, कडब्यात गेले, आणि उंदीर धरलाच.

आधी धाकट्याला भरवलं. त्यानं गिळलं, आणि असं काही ओरडलं की खालची म्हैस दचकून उठली.

सकाळी भिवा ओली माती घेऊन धावत आला. "ये ताई, कान सरळ करून देतो."

"राहू दे भिवादादा," ती माळ्यावरून म्हणाली. "तुझ्या डुलकीनं माझं लेकरू जगलं."

तेव्हापासून तिन्ही पिल्लांची पोटं भरलेली, आणि गोठ्यातलं दाणापाणीही शाबूत. हं, पाय पांघरुणात घ्या आता. डोळे मिटा. आणि कान द्या बरं, बाहेर काही ऐकू येतंय? नाही ना? मग ती आत्ताच आपल्या घरावरून गेली, समजा. पिल्लांसाठी घास घेऊन. झोपा.