वाढपीबुवा आणि जावईबापूंचा टॅब

“तसं नाही बुवा. घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्नच नाही. घ्यायचाच आहे. कुठला घेऊ, तेवढं सांगा.”

असं म्हणत मकरंदने पिशवीतून टॅबची तीन खोकी काढली आणि मठाच्या ओसरीवर ओळीने मांडली. शेजारी त्याची चार वर्षांची लेक शाल्मली त्याच्या फोनमध्ये डोळे घालून बसली होती. गाडीतून उतरल्यापासून पोरीने मान वर केली नव्हती.

बुवा पळसाची पानं मांडीवर घेऊन पत्रावळ टाचत होते. त्यांनी खोक्यांकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि पुन्हा काडी खोवायला घेतली.

या बुवांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. तांबूळवाडीच्या मठात कीर्तन नाही की प्रवचन नाही. दुपारी दारात येईल त्याला जेवू घालायचं, एवढाच तिथला धर्म. वाढायला स्वतः बुवा. म्हणून सगळा मुलूख त्यांना वाढपीबुवा म्हणतो, आणि त्यांनाही ते नाव आवडतं.

पंगतीचे नियम दोन. पानात टाकायचं नाही, हा पहिला. दुसरा असा, की जेवणाऱ्याने पानावर हात आडवा धरून ‘पुरे’ म्हटल्याशिवाय वाढणारा थांबणार नाही. ‘नको’ला तिथे कोणी विचारत नाही. नको म्हणजे वाढा, हे का मराठी माणसाला शिकवावं लागतं?

आणि मकरंद हुपरीकर म्हणजे या गावचा जावई. राहणार पुण्याचा. मित्रांत कुणाला पंखा घ्यायचा असो नाहीतर गाडी, आधी फोन मकरंदला. कशात काय आहे आणि काय नाही, सगळं त्याला तोंडपाठ. याचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा? त्याचं सहसा चुकत नसे.

या एका वस्तूवरून मात्र घरात वाजलं होतं. बायको वृषाली म्हणे, पोरीच्या हातात असलं काही नको. मकरंद म्हणे, जग कुठे चाललंय बघ जरा. बोलणं बंद व्हायची वेळ आली. शेवटी वृषाली म्हणाली, “माझ्या माहेरच्या बुवांना विचार. ते सांगतील ते मला मान्य. तुला?”

मकरंद लगेच हो म्हणाला. ज्या म्हाताऱ्याने जन्मात टॅब पाहिला नाही, तो आपल्याला काय अडवणार!

“हा बघा,” त्याने पहिलं खोकं उघडलं. “डोळ्यांना त्रास नाही. पडला तरी फुटत नाही. आत सगळं शिकण्यासारखं. गाणी, गोष्टी, अंक, अक्षरं.”

“बरं.”

“हा दुसरा. हलका आहे, तिच्या हातात मावतो. पण तिसऱ्याची गोष्टच वेगळी. एक संपलं की दुसरं सुरू होतं. आपोआप. बोट लावायला नको.”

बुवांच्या हातातली काडी थांबली.

“आपोआप?”

“आपोआप.”

“विचारत नाही?”

“विचारायचं कशाला?”

“वा,” बुवा म्हणाले. “मोठा दांडगा वाढपी आहे की.”

मकरंद हसला. पण त्याला वाटलं, म्हाताऱ्याने आपल्याला हळूच चिमटा काढला. तो सावरून बसला.

“तुम्ही म्हणाल पोरगी दिवसभर बघेल. त्याचीही सोय आहे बुवा. वेळ लावून ठेवायची. वेळ झाली की बंद.”

“म्हणजे पुरे कोण म्हणतं?”

“यंत्रच म्हणतं.”

“आणि पोरगी?”

“पोरगी...” मकरंद जरा अडखळला. “पोरगी रडते. थोडा वेळ.”

बुवांनी पुरी झालेली पत्रावळ बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

“जावईबापू, ताकाला आलात तर भांडं का लपवता? तीन तीन डबे मांडलेत. पोरीचं काय झालंय, ते सांगा.”

मकरंदने लेकीकडे पाहिलं. फोनमधला ससा तेवढा गात होता...

मकरंदने आवाज खाली आणला. “जेवत नाही, बुवा. समोर काही लावलं नाही तर घास शिवत नाही. हात झटकते, तोंड फिरवते. लावलं की वाटी चाटूनपुसून साफ. म्हणून तर तिला वेगळा घ्यायचाय. भरवताना माझाच फोन वाजला की सगळं मुसळ केरात.”

“मग लावलं की जेवते. छान झालं.”

“जेवते. पण...”

“पण?”

“मागाहून ओकते. रोज नाही, पण ओकते. डॉक्टर म्हणतात, पोटात काही बिघाड नाही. वृषाली रडते, मला दोष देते. माझी अक्कल चालेनाशी झालीय.” एवढं सगळं तो आजवर कुणापाशी बोलला नव्हता.

“तिचं पोट भरलं, हे तुम्हाला कसं कळतं?” बुवांनी विचारलं.

“वाटी रिकामी झाली की.”

“आणि तिला कसं कळतं?”

प्रश्न साधा होता. उत्तर त्याला कुठल्याच खोक्यावर वाचल्याचं आठवेना.

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. “चला, पंगत बसतेय. जावयाने उपाशी जायचं नसतं. तो आपोआपवाला घ्या बरोबर. बघू तरी तुमचा वाढपी कसा वाढतो ते.”

मकरंदला हुरूप आला. त्याने तिसरा टॅब उचलला, पोरीला कडेवर घेतलं आणि पंगतीत जाऊन बसला. पाण्याच्या तांब्याला टेकवून टॅब उभा केला. ससा आता मोठा झाला, टोपी घालून नाचू लागला. शाल्मली आ वासून बघत राहिली.

“बघा बुवा,” मकरंदने तिच्या तोंडात पहिला घास दिला. “गेला की नाही?”

“गेला.”

बुवांनी पोरीच्या पानावर वरणभात वाढला. मकरंद भरवत गेला. पान सरत आलं की बुवा पुन्हा वाढत. कुणी पुरे म्हणालं नव्हतं. पोरगी चावत होती, गिळत होती, आणि डोळे सशावर होते. एकदा तिने आपला तळहात तोंडावर धरला. मकरंदने तो हलकेच बाजूला केला.

“आ कर बेटा. शाब्बास.”

बुवांनी ते पाहिलं.

इकडे जावईबापूंच्या पानावर निराळाच प्रकार चालला होता. बुवा भात घेऊन आले, मकरंद सशाकडे बघत म्हणाला, नको. पडला भात. उसळ आली, तो म्हणाला, बास बास. पडली उसळ. पुन्हा भात आला तेव्हा तो म्हणाला, अगदी थोडा. मग काय विचारता! समोर बसलेल्या म्हाताऱ्या आजीबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मकरंदचं लक्ष गेलं तेव्हा पानावर भाताचा ढीग झाला होता.

“अहो बुवा, हे काय! मी नको म्हटलं होतं.”

“ऐकलं की.”

“मग?”

“तुम्ही बघत नव्हतात. मला वाटलं, नुसतं तोंडाने म्हणताय.”

पानात टाकायचं नाही, हे मकरंदला ठाऊक होतं. बायको इथेच लहानाची मोठी झालेली, तिने चार वेळा बजावून पाठवलं होतं. एका हाताने तो भाताशी झुंजू लागला आणि दुसऱ्याने पोरीला भरवू लागला. पोरीचे गाल टम्म झाले होते. तोंडातला घास तोंडातच फिरत होता. टॅबवरचा ससा संपला आणि न विचारता हत्ती सुरू झाला.

एवढ्यात खीर आली.

गव्हाची, गुळाची, दाट. बुवा लांब दांड्याचं ओगराळं भरून पोरीच्या पानापाशी वाकले. तिथे थांबले. मग ते ओगराळं त्यांनी सावकाश पुढे नेलं. पान ओलांडलं. तांब्यापाशी आलं. नाचणाऱ्या हत्तीच्या बरोबर डोक्यावर ते तिरपं होऊ लागलं.

“बुवा! अहो काय करताय! पुरे! पुरे!”

मकरंद उष्ट्या हाताने झेपावला. टॅब आडवा पडला, आणि त्याच्या काचेवर मकरंदने तळहात पसरून धरला. ओगराळ्याच्या काठाशी खिरीचा थेंब जमला होता. तो तिथेच राहिला.

बुवा जागच्या जागी थांबले होते.

“बघा,” ते म्हणाले, “येतं की तुम्हाला.”

पंगतीतले सगळे घास हातात धरून बघत होते. मकरंदचे कान लाल झाले. आधी त्याला राग आला, चांगलाच आला. हजारो रुपयांची वस्तू, आणि हा म्हातारा तिच्यावर खीर ओततो! तो काहीतरी तोडून बोलणार होता.

पण शाल्मली हलली.

हत्ती बाबाच्या हाताखाली गेला होता. आवाज येत होता, दिसत काही नव्हतं. तिने इकडे तिकडे पाहिलं. आपल्या पानाकडे पाहिलं, त्यावरच्या भाताकडे पाहिलं, जणू हे सगळं आत्ताच कुणीतरी आणून ठेवलं असावं. तोंडातला घास तिने कसाबसा गिळला. मग बाबाच्या पसरलेल्या हाताकडे बघितलं.

आणि तिने आपला इवलासा तळहात उचलून आपल्या पानावर पसरला.

“पुले,” ती म्हणाली.

बुवा ताबडतोब मागे सरले. खीर मागे घेतली. आग्रहाचं एक अक्षरही काढलं नाही. “एवढीशी”ही नाही, “माझ्यासाठी एक घास”ही नाही.

शाल्मलीने भुवया वर केल्या. तिला बहुधा खरंच वाटेना. म्हटलं, आणि थांबलं? तिने हात काढून घेतला.

“वाढा.”

बुवा वाकले. ओगराळ्यातून एक थेंब तिच्या द्रोणात पडला.

“पुले!”

बुवा थांबले.

“वाढा.”

एक थेंब.

“पुले!”

ती खदखदून हसली. पंगत हसली, आजीबाई तर डोळे पुसू लागल्या. पोरीने द्रोण उचलला, दोन थेंब खीर स्वतःच्या हाताने चाटली, आणि पोटावर हात ठेवून बसली. काही क्षण ती कसला तरी अंदाज घेत होती...

“बाबा, माझं पोट इथपल्यंत आलंय,” तिने गळ्यापाशी बोट लावून सांगितलं.

मकरंद तिच्याकडे बघतच राहिला. मघाशी हाच हात तिने तोंडावर धरला होता. तिनेही पुरेच म्हटलं होतं, तिच्या परीने. बाजूला कुणी केला तो हात? आपणच. आणि वर शाब्बास म्हणालो. काचेवर खीर पडेल म्हणून आपला हात केवढ्या चपळाईने गेला! पोरीच्या पानावर एकदाही गेला नाही.

त्याचे डोळे भरून आले. पंगतीत माणसं होती, पण त्याने लपवले नाहीत.

“हे राहिलेलं मी खातो,” तो म्हणाला, आणि लेकीचं पान त्याने आपल्याकडे ओढलं.

“खा,” शाल्मली म्हणाली. “पुले झालं की पुले म्हण.”

आता बुवा त्याच्यापाशी आले. ओगराळं भरलेलंच होतं. मकरंदचा उजवा हात उष्टा, डावा हात पोरीच्या पाठीवर. उजवा अजून त्या काचेवरच होता, काढायचं त्याला सुचलं नव्हतं. हाताखाली हत्ती संपून माकड सुरू झालं होतं. ते कुणी ऐकत नव्हतं.

सवय कुठे जाते! तीन खोकी निवडायला आणली होती, एकाचंही उत्तर मिळालं नव्हतं, आणि घरी वृषाली वाट बघत होती. तिला जाऊन काय सांगणार?

“बुवा...” मकरंदने हळूच विचारलं. “मग शेवटी... पोरीसाठी कुठला नेऊ?”

बुवांनी ओगराळ्याच्या दांड्याने त्याच्या पसरलेल्या, खरकट्या हाताला टोचलं.

“हा न्या, जावईबापू. चांगला चालतो.”