भिवरेनं रंगवलेली विहीर

सावरटेक गावाला गाडीवाटसुद्धा नव्हती, त्या फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. गावात भिवरा नावाची रंगारीण राहायची. लुगडी रंगवायची तर पाणी ओळखावं लागतं. जड पाण्यात रिठ्याला फेस येत नाही, रंगही नीट चढत नाही. भिवरेची ओळख त्याहून खोल होती. ओंजळभर पाणी हातात घेऊन ते कुठल्या खडकातून आलंय, हे ती सांगायची. पाणी तिच्या कानाशी बोलायचं, असं म्हणतात.

एका वर्षी यादोजी पाटलांनी वारलेल्या आईच्या नावानं विहीर खणली. पाणी लागलं ते नितळ, गार आणि गोड. अर्धं गाव जुना आड सोडून तिथं पाणी भरू लागलं. आणि थोड्याच दिवसांत पोरांना हगवण लागली. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. कुणी नारळ फोडले. भिवरा मात्र दारोदार फिरली आणि एकच विचारत राहिली, "पाणी कुठलं पिता?" आडाचं पाणी पिणाऱ्या घरांतली पोरं धडधाकट होती.

ती पाटलांकडे गेली. "पाटील, विहिरीचं पाणी बंद करा."

पाटलांचा चेहरा उतरला. "भिवराआक्का, माझ्या आईची विहीर आहे ती. तुझ्या जिभेला काय वाईट लागलं?"

"जिभेला गोडच लागतं. डोळ्यांना नितळ दिसतं. म्हणून तर भीती वाटते. वरच्या उकिरड्याचं पाणी त्यात झिरपतंय."

"इतक्या लांबून?"

"बघू या. उकिरड्यात मी रंग ओतते. विहिरीत नाही उतरला, तर जन्मभर तेच पाणी पिईन."

पळस फुलले होते. भिवरेनं फुलं उकळली आणि कढयांमागून कढया रंग उकिरड्याच्या खड्ड्यात ओतला. पाणी नितळच राहिलं. लोक हसू लागले. भिवरा काठावरून उठली नाही. मग एका सकाळी पाणी भरायला आलेल्या बाया ओरडल्या. विहीर केशरी झाली होती. इतकी केशरी, की वरून जाणाऱ्या बगळ्यांची पोटं रंगून गेली, असं म्हणतात.

पाटील विहिरीच्या काठावर येऊन बसले. "आईच्या नावावर हे पाप चढलं."

भिवरा त्यांच्याजवळ बसली. "विहिरीनं काही केलं नाही, पाटील. आईचं नाव तसंच राहील. उकिरडा हलवू."

पहिली पाटी पाटलांनीच डोक्यावर घेतली. सगळ्या गावानं मिळून उकिरडा ओढ्यापलीकडे, विहिरीच्या खालच्या उतारावर नेला. विहीर उपसली, गाळ काढला, चुना टाकला. पाऊस सरल्यावर भिवरेनं नव्या जागी पुन्हा रंग ओतला आणि वाट पाहिली. या खेपेला विहिरीत एक थेंबही रंग आला नाही. पहिला तांब्या ती प्यायली, दुसरा पाटील. मग कुठे पोरांना पाणी दिलं. पोरांची पोटं पुन्हा बिघडली नाहीत.

भिवरेचा शेवट कुणी पाहिला नाही. झऱ्याचा माग काढत ती डोंगरात चालत गेली, असं म्हणतात.

आता सावरटेकात नळ आहेत. तरी पावसाळा सरला की बाया विहिरीचं आणि टाकीचं पाणी निर्जंतुक बाटल्यांत भरून तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाठवतात. गावात त्यांना 'भिवरेच्या बाटल्या' म्हणतात. पाणी चांगलं निघालं, की विहिरीवर गोड भात शिजतो आणि सगळं गाव पंगतीला बसतं. एखाद्या वर्षी दोष निघालाच, तर पाटलांच्या घरातलं माणूस फावडं घेऊन सगळ्यांच्या आधी बाहेर पडतं.