तीन कुलपांचं दार

"चौथ्या मजल्यावरच्या कुमुदवहिनींना पिवळा ताप..." एवढंच कानावर आलं आणि लिफ्टचं दार मिटलं. आत आमच्या सोसायटीचे अध्यक्ष घैसास फोनवर बोलत होते. मला कुठलं चैन पडतंय! तडक वहिनींचं दार वाजवलं.

"अगं, ताप कसला? त्या तापाची लस घेतलीय," वहिनी म्हणाल्या. "लेकीचं बाळंतपण केनियात. लसीशिवाय तिकडं जाऊ देत नाहीत."

मग दोघी भाजी घेऊन आलो, तर खाली घैसास लिफ्ट अडवून उभे! "वहिनी, जाईपर्यंत जिना वापरा. रोग असल्याशिवाय कुणी सुई टोचून घेतं का?"

गुडघे दुखणाऱ्या बाईला चार मजले चढायला लावतो हा माणूस! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वहिनींनी मात्र शांतपणे विचारलं, "भाऊजी, तुमच्या दाराला तीन कुलपं कशाला हो?"

"चोर येऊ नये म्हणून."

"असं होय! तुमच्या हिशेबानं तर चोर आतच राहत असणार."

घैसास लिफ्टसमोरून बाजूला झाले.

दोन दिवसांनी मी मऊभात घेऊन गेले, तर वहिनींना ताप होता खरा, पण लसीचा, साधाच. पिवळा पडला होता तो त्या दिवशी लिफ्टपाशी घैसासांचा चेहरा.