पाणराखणीचे ओले पोट

त्या राज्यात थंडी फार कडक पडत असे, आणि ऊब डोंगराच्या पोटात होती.

डोंगराच्या आत खोलवर काळपट दगड सापडत. दिवसभर उन्हात ठेवले की ते रात्रभर गरम राहत. ढोलीत, गुहेत, घरट्याच्या बुडाशी असा एक ऊबदगड असला की पिल्ले हिवाळा काढत. नसला की काढत नसत. म्हणून डोंगर उकरणाऱ्या घुशींना राज्यात मान होता, आणि तो फुकटचा नव्हता.

पण डोंगर उकरला की पाणी लागते. बिळात पाणी साचले तर घुशी बुडतील, म्हणून ते बाहेर काढणे भाग होते. बाहेर काढलेले पाणी उताराने जाणार, आणि उताराच्या तळाशी नदी होती. त्या नदीवर सगळे राज्य पीत होते.

हे ओळखून जुन्या गवा महाराजांनी पाणराखणीचे पद काढले. ते टिटवीलाच मिळत असे, आणि त्याला कारण होते. टिटवी उघड्यावर, खड्यांत अंडी घालते. उन्हाळ्यात ती अंडी तापून शिजायची वेळ येते, तेव्हा ती पाण्यात उतरून पोटाची पिसे भिजवते आणि तसेच ओले पोट घेऊन अंड्यांवर बसते. महाराजांनी नेम घालून दिला. पाणराखणीने बिळातले पाणी बाहेर नेणाऱ्या पन्हळीपाशी घर करायचे, पन्हळीच्याच पाण्यात पोट भिजवायचे आणि त्याच पोटाने आपली अंडी निववायची. जे पाणी ती आपल्या अंड्यांना लावील, तेच नदीत जाईल. महाराज काही मोठे पंडित नव्हते, पण कोणाच्या शब्दावर विसंबावे एवढे त्यांना नक्की कळत होते.

पहिल्या पाणराखणींच्या काळात बिळातून नुसता गाळ यायचा. नदी आंधळी झाली, माशांचे कल्ले चिखलाने बुजले. त्या बायांनी ओरडून ओरडून दरबाराची झोप उडवली, तेव्हा कायदा झाला की ज्या पाण्याचा तळ दिसेल तेच सोडायचे. घुशींना निवळणीची तळी खोदावी लागली. चिखल तळ्यात बसू लागला, वरचे पाणी नितळ होऊ लागले, आणि नदीला पुन्हा दृष्टी आली. हे काम लहान नव्हते. ज्यांनी केले त्यांचे नाव निघाले की नदीकाठी अजून माना लवतात.

पुढच्या पाणराखणींना मात्र काम सोपे झाले. त्या काठावर उभ्या राहून मान तिरकी करत, तळ दिसला की पाणी सोडायला हरकत नाही अशी कौलाची हाक देत, आणि पोट भिजवायला वरच्या ओढ्यावर जात. कोणी विचारत नव्हते, म्हणून त्याही सांगत नव्हत्या.

अशात घुशींच्या उकरू मुकादमाच्या बिळावर एक नवी टिटवी पाणराखीण म्हणून आली. ती कोणाच्या मर्जीतली नव्हती. आवाज कर्कश, चाल ताठ, आणि डोळ्यापुढची तांबडी कातडी अशी, की रागावलेली नसली तरी रागावलेली दिसावी. बहुतेक वेळा ती रागावलेलीच असायची.

पन्हळीचे पाणी पाहून ती थबकली. इतके स्वच्छ पाणी तिने आजवर पाहिले नव्हते. तळाचे दगड शेंदूर फासल्यासारखे तांबूस होते. दरबारची मंडळी आली की त्यांना हा शुभशकुन वाटायचा. टिटवी काठाकाठाने चालत गेली. दगडांवर शेवाळ नव्हते. पाण्यावर पाणनिवळ्या पळत नव्हत्या. गोगलगायींचे शंख होते, पण रिकामे, आणि चोच लावताच पापुद्र्यासारखे चुरा होणारे. तिने नेमाप्रमाणे तिथेच खडे रचले आणि चार अंडी घातली. पण पोट भिजवायला तीही वरच्या ओढ्यावर जाऊ लागली. तिच्या आधीच्या जात होत्या त्या आळसाने. ही भीतीने जात होती, आणि ते तिला मनातून खुपत होते.

एक दिवस खालच्या वळणावरून चिंबोरीमावशी तिरकी तिरकी चालत वर आली. ही म्हातारी खेकडीण त्या काठावर सर्वांत जुनी. येताना ती दगडांच्या आडोशाआडोशाने आली, ते टिटवीच्या नजरेतून सुटले नाही.

“पोरी, कात टाकून किती दिवस झाले, अंग काही कडक होईना,” मावशी म्हणाली. “बोट लावलं तर खळगा पडतो. मागच्या बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, म्हातारपण आलं मावशी. अगं, म्हातारपणात सांधे धरतात. कवच विरघळतं का कधी?”

 टिटवीने एकदा मावशीच्या पाठीकडे पाहिले आणि एकदा आपल्या अंड्यांकडे.

कौलाचा दिवस आला. उकरू मुकादम मिश्या विंचरून, चार घुशी मागे घेऊन पन्हळीवर हजर झाला. टिटवीने हाक द्यायची आणि त्याने परत जाऊन कामाला लागायचे, एवढाच सोहळा असे. टिटवी गप्प राहिली. टिटवी गप्प राहते ही गोष्टच त्या राज्यात कोणी ऐकली नव्हती.

“टिटवीबाई, तळ दिसत नाही का?” मुकादमाने विचारले. “नसेल दिसत तर सांगा, मी आत उतरून दाखवतो.”

“उतरा की,” टिटवी म्हणाली.

मुकादम उतरला नाही. त्याने मिश्यांवरून पुन्हा एकदा पंजा फिरवला आणि तो तडक दरबारात गेला.

तिथे त्याने मांडलेले गाऱ्हाणे खोटे नव्हते, हे सांगितले पाहिजे. कौल नाही तर पन्हळ बुजवावी लागते. पन्हळ बुजली की बिळे भरतात, आणि बिळे भरली की ऊबदगड येत नाहीत. हिवाळ्यात पिल्ले गारठली तर ती टिटवीच्या नावावर घालायची का, असे त्याने भर दरबारात विचारले. प्रश्न अवघड होता, म्हणून करकोचा दिवाण स्वतः आला.

दिवाण म्हणजे शांत, उंच, तोलून बोलणारा पक्षी. तो पाण्यात मध्यभागी जाऊन उभा राहिला. त्याचे पाय इतके लांब आणि इतके निबर होते, की खाली काय चालले आहे याची वार्ता वरपर्यंत क्वचितच पोचे. मुकादमाने पळसाच्या द्रोणात मासे आणून पुढे केले. दिवाणाने ते खाल्ले आणि मान वाकवून पाहिले.

“बाई, मला माझी नखं दिसताहेत,” तो म्हणाला. “कौल अडवायचं कारण?”

टिटवीने शंख सांगितले, शेवाळ सांगितले, मावशीचे कवच सांगितले. दिवाणाने सगळे ऐकून घेतले. मग तो म्हणाला की कात टाकलेला खेकडा मऊच असतो, आणि रिकामा शंख कुठेही मिळतो. महाराजांचा नेम एकच आहे.

“तुम्ही या पाण्यात पोट भिजवून अंडी निववलीत का?”

“नाही,” टिटवी म्हणाली. “माझ्या अंड्यांना मी हे पाणी लावणार नाही.”

मुकादमाच्या मागच्या घुशी फिस्सकन हसल्या. बाईंना पद हवे आहे, नेम नको आहे, असे मुकादम कोणाला तरी ऐकू जाईल इतपत हळू म्हणाला. दिवाण हसला नाही. “नेम केल्याशिवाय कौल देता येत नाही, तसा नकारही देता येत नाही,” तो म्हणाला. “करा, आणि मग जे सांगाल ते मी ऐकेन. पन्हळ बुजवा म्हणालात तर बुजवेन.”

टिटवीला हे झोंबले, कारण ते खरे होते. तिने मान ताठ केली.

“करते. पण दिवाणजी, तुम्हीही एक करा. माझा नेम पुरा होईस्तोवर इथंच राहायचं. आणि मुकादमांच्या द्रोणातलं खायचं नाही. या पाण्यातलं मारायचं आणि खायचं.”

दिवाण मानी होता. पाण्यात उभ्या राहिलेल्या करकोच्याला कोणी भुकेची भीती घालावी, याचे त्याला जरा हसूच आले. तो बरे म्हणाला.

टिटवी घरट्याशी गेली. तिचा टिटवा तिथे होता. तो बाजूला सरला. तिने डोळे मिटून चोच लावली आणि जे लागले ते एक अंडे ढकलत ढकलत दूरच्या खळग्यात नेले. उरलेली तीन टिटव्याने वरच्या ओढ्याच्या पाण्याने निववायची, असे ठरले. मग ती पन्हळीत उतरली. पाणी पोटाला लागले तसे ताज्या जखमेवर लिंबू पिळावे तसे झाले. ती पुरती भिजेपर्यंत उभी राहिली, आणि संथ पावलांनी जाऊन त्या एका अंड्यावर बसली. ऊन चढले की उतरायचे, भिजायचे, येऊन बसायचे. पोटाची पिसे गळू लागली तरी तिने चाल बदलली नाही.

तिकडे दिवाण एका पायावर उभा होता. सकाळ गेली, दुपार गेली. चोच रोखलेली, नजर पाण्यात, आणि पाणी असे की सुई पडली तरी दिसावी. पडायला मात्र काही नव्हते. दुसऱ्या दिवशी तो थोडा खाली सरकला, नंतर आणखी खाली. वळणापर्यंत जाऊन आला. राज्यातला सगळ्यांत नावाजलेला मासेमार डानकुलीसारख्या साध्या एका माशासाठी तासन्‌तास उभा राहिला आणि उपाशी परतला. कधी नव्हे ती खालची वार्ता वरपर्यंत पोचू लागली होती. त्याचे पाय चुरचुरत होते.

मुकादमाला वाटले, दिवाण अडून बसला आहे, त्याला मोकळे करावे. तो द्रोण घेऊन आला.

“हे मासे कुठले?” दिवाणाने विचारले.

“पाठच्या झऱ्यावरचे, सरकार. एकदम गोडं पाणी. आमची पोरंबाळं तिथलंच पितात.” एवढे बोलून गेल्यावर मुकादमाचे तोंड मिटले.

दिवाणाने मान उंच केली. त्याच्याइतके उंचावरून पाहणारे तिथे दुसरे कोणी नव्हते, आणि तरी हे त्याने पाहिले नव्हते. बिळाच्या तोंडापासून एक पायवाट निघत होती. घुशींच्या येण्याजाण्याने ती घासून पांढरी झाली होती, आणि डोंगराला वळसा घालून पलीकडच्या झऱ्याकडे जात होती. बिळापासून पन्हळ हाकेच्या अंतरावर. त्या बाजूच्या ओल्या मातीत एकाही घुशीचे पाऊल नव्हते.

त्याने द्रोण परत केला आणि टिटवीच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

अंड्यावरचे ठिपके आधीच पुसले गेले होते. कवच पांढरे पडले, मग धुरकट. एका दुपारी टिटवी भिजून आली, नेहमीसारखी अलगद बसली, आणि अंडे तिच्या पोटाखाली मऊ कापडासारखे दबले. ती तशीच बसून राहिली. टिटवा तीन अंड्यांवरून उठला नाही. त्याला उठता येत नव्हते. मग ती उभी राहिली, आणि तिने हाक दिली. त्या हाकेने डोंगराच्या पलीकडची गुरे चरायची थांबली. खालच्या वळणावर चिंबोरीमावशी आपल्या मऊ अंगानिशी दगडाबाहेर आली आणि उघड्यावर उभी राहिली.

दिवाणाने तिथल्या तिथे पन्हळ बुजवायचा हुकूम दिला. हिवाळ्यात ऊबदगड कमी पडतील, हे त्याने दरबारात स्वतः सांगितले, आणि आपल्या आसनाखालचा ऊबदगड सर्वांत आधी काढून पिल्लांच्या ढोलीकडे पाठवला. त्यानंतर दरबारातल्या बाकीच्यांना आपापल्या आसनाखाली हात घालावाच लागला. तो हिवाळा सगळ्यांनी एकमेकांना चिकटून काढला.

घुशी आधी रुसल्या, मग कामाला लागल्या, आणि घुशींनी काम अंगावर घेतले की ते चोख होते. पलीकडच्या उतारावर चुनखडी होती. ती फोडून, ओढून आणून त्यांनी पन्हळीचा सारा तळ त्या चुनखडीने भरला, म्हणजे पाणी तिच्यातून झिरपत, आपला आंबटपणा सोडत जावे. पुढे लव्हाळ्यांची तळी केली. टिटवी रोज फेरी घालायची, चुकले तिथे ओरडायची. मुकादम तिच्या पाठीमागे तिच्या आवाजाची नक्कल करायचा, आणि तिने दाखवलेला दगड हलवून नीट बसवायचा.

पुढच्या उन्हाळ्यात कौलाला सारा दरबार आला. पाणी आता पूर्वीसारखे आरशासारखे नव्हते. जरा हिरवट, जरा धूसर; तळ दिसे, पण नीट पाहावे लागे. पहिलेच पाणी देखणे होते, असे कोणीतरी पुटपुटले. वळणावरून चिंबोरीमावशी आली, ती वाटेतल्या प्रत्येक दगडावर नांग्या आपटत, खणखण वाजवत आली.

टिटवीच्या घरट्यात चार अंडी होती. ती पन्हळीत उतरली. पोटावर जिथे पिसे पुन्हा आली नव्हती तिथली कातडी सर्वांना दिसली. ती सावकाश भिजली, बाहेर आली, आणि थेंब गाळीत चारही अंड्यांवर बसली. 

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत उकरू मुकादमाची थोरली लेक आली. मागे तिची पिल्ले, एकामागे एक. तिने कोणाकडे पाहिले नाही. पन्हळीच्या काठाशी ती खाली वाकली, आधी स्वतः प्यायली, मग बाजूला सरून पिल्लांना जागा करून दिली.

दिवाणाने मान उंच करून डोंगराच्या वळशाकडे पाहिले. झऱ्याकडे जाणारी ती पांढरी पायवाट त्याला बराच वेळ सापडेना. तिथे गवत उगवले होते.