चिरीची लाल कानटोपी

कानटोपी घालत नाहीस? टोचते? बरं. मग टोपीचीच गोष्ट ऐक. मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हाची.

आमच्या शाळेत थंडीत मालनबाई यायच्या. रानातली पडलेली, जखमी जनावरं त्या घरी नेऊन बरी करायच्या. मग टोपली, पिशवी, पिंजरा घेऊन आम्हाला दाखवायला आणायच्या. आम्ही त्यांची फार वाट बघायचो.

त्यांच्याकडे होती एक खार. एवढीशी! बोटाएवढी. घरट्यातून पडलेली. तिचं नाव चिरी. ती राहायची लाल कानटोपीत.

एकदा काय झालं? चिरी टोपीतून उतरली. शेंगदाणा खाल्ला. कुटुकुटु कुटुकुटु. मागे वळली, तर काय! टोपीवर कासव!

चिरीला भरली हुडहुडी. हुडहुड हुडहुड!

"कासवदादा, कासवदादा, ऊठ ना!"

"उठणार नाही. मुलं नमस्कार करताहेत बघ. देवळातलं कासव हलतं का कधी?"

खरंच की! वर्गातली मुलं हात जोडून उभी. कासवाच्या पाठीवर जास्वंदीचं फूल. देवळात गाभाऱ्यापुढे कासव असतं ना? त्यांना वाटलं, हे तेच!

चिरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, थांब!

"मुलांनो, मुलांनो, थांबा ना! कासव उठेना, टोपी मिळेना, चिरीला वाजते थंडी!"

"थांबणार नाही. बाई सांगतील, तेव्हा थांबू."

तुरुतुरु तुरुतुरु, थांब!

"बाई, बाई, सांगा ना! मुलं थांबेनात, कासव उठेना, टोपी मिळेना, चिरीला वाजते थंडी!"

"आत्ता नाही गं बाळा. हातात धामण आहे. एका वेळी एकच पाहुणा, असा माझा नेम. आधी धामण पिशवीत जाऊ दे."

धामण म्हणजे साप बरं का. लांबच लांब. पण विष नाही तिला.

तुरुतुरु तुरुतुरु, थांब!

"धामणताई, धामणताई, पिशवीत जा ना! बाई सांगेनात, मुलं थांबेनात, कासव उठेना, टोपी मिळेना, चिरीला वाजते थंडी!"

"स्स्स! जाणार नाही. जमीन हादरतेय. धपधप, धपधप! माझ्या पोटाला सगळं कळतं. कोण पाय आपटतंय, बघ."

कोपऱ्यात होती एक मुलगी. रडकी! नाक लाल, गाल ओले.

तुरुतुरु तुरुतुरु, थांब!

"मुली, मुली, पाय आपटू नको ना! धामण जाईना, बाई सांगेनात, मुलं थांबेनात, कासव उठेना, टोपी मिळेना, चिरीला वाजते थंडी!"

"आपटणारच! ते घुबड माझ्याकडे टकमक बघतंय!"

पिंजऱ्यात होतं घुबड. पंख मोडलेलं. आणि घुबड खारींना खातं, माहीत आहे ना? पिंजऱ्याला कडी होती. तरी चिरीचं काळीज धडधडलं.

तुरु... तुरु... थांब!

"घुबडकाका, घुबडकाका, तिकडे बघा ना! मुलगी ऐकेना, धामण जाईना, बाई सांगेनात, मुलं थांबेनात, कासव उठेना, टोपी मिळेना, चिरीला वाजते थंडी!"

"घूऽऽ! माझे डोळे फिरत नाहीत. मानच फिरते. मागून कुणी हाक मारली, तर फिरवीन."

मागून कोण हाक मारणार? मागे तर कोणीच नव्हतं. चिरी पिंजऱ्यामागे गेली. डोळे घट्ट मिटले. आणि ओरडली.

"चिर्रर्रर्र!"

घुबडाची मान फिरली. गर्रकन! तोंड मागे, पोट पुढे!

मुलीला आलं हसू. मुलगी थांबली. जमीन थांबली. धामण पिशवीत गेली. सर्रर्र! बाईंचे हात रिकामे झाले. बाई म्हणाल्या, "अरे पोरांनो, देवळातलं कासव दगडाचं. हे आपल्या रानातलं. ह्याला भूक लागते!"

मुलांचे हात सुटले. कासव उठलं. फूल पडलं खाली. आणि कासवानं ते खाऊन टाकलं! कुरुम कुरुम!

टोपी मिळाली. चिरी आत शिरली. सुळकन!

बाईंनी ती टोपी उचलली आणि ठेवली त्या रडक्या मुलीच्या हातावर. ऊबदार. आत धडधड धडधड.

कोण होती ती रडकी मुलगी? हसू नकोस! मीच.

पुढे चिरीला झुपकेदार शेपूट आलं. बाईंनी तिला शाळेच्या चिंचेवर सोडलं. ती वर गेली, आणि वळून बघितलंसुद्धा नाही. मी खूप रडले. मग बाईंनी टोपी मला दिली. अजून आठवते मला चिरी. फार आठवते.

हे बघ, टोपीला भोक. चिरीनं कुरतडलंय. घाल बोट. गेलं?

चिरी शिरली टोपीत, टोपी शिरली गोष्टीत, गोष्ट शिरली तुझ्या कानात. आता झाक बरं कान!