इंजिन न खोलता

मिरजेच्या डॉक्टर आठल्यांच्या मोटारसायकलचा गिअर पडेना. दस्तगीर मिस्त्रीनं गाडीआधी त्यांचे नवे जाडजूड बूट पाहिले. बुटाचं टोक गिअरच्या दांड्याखाली शिरतच नव्हतं. त्यानं दांडा सोडवून जरा वर बसवला. गिअर अलगद पडू लागला.

"दोनशे द्या."

डॉक्टर भडकले. "इंजिन खोललं नाहीस, पार्ट बदलला नाहीस, पैसे कसले मागतोस?"

"साहेब, गेल्या महिन्यात तुम्ही माझं पोट नुसतं दाबून पाचशे घेतलेत. फाडलं नाहीत म्हणून मी उलट आभार मानले. तुम्हाला खोलूनच हवं असेल, तर पाना आणतो."

डॉक्टरांनी नोटा काढल्या.

"आठ दिवसांत पुन्हा दाखवायला आणलीत तर फुकट," दस्तगीर म्हणाला. "तुम्ही त्याचेही घेता."