शोकसभेचा फलक

मृणालिनीनं महिनोन्महिने खपून जाडजूड रेघांचा, अक्षरांच्या टोकांना टाचांसारख्या छोट्या आडव्या रेघा असलेला एक फाँट संगणकावर घडवला होता. आज शोकसभेच्या फलकावर त्यात तिला आपल्या शाळेतल्या दिवंगत शिक्षिका लीलाबाईंचं नाव लिहायचं होतं. रडून तिचे डोळे जड झाले होते.

तेवढ्यात नगराध्यक्ष भाऊसाहेब आले. "या फाँटमध्ये माझं नाव घ्या, सगळ्यात मोठं. बाईंचं खाली बारीक चालेल."

वाद घालण्याचं त्राण मृणालिनीत नव्हतं.

"घेते," ती म्हणाली. "पण भाऊसाहेब, गेलं कोण, हे लोक शोकसभेच्या फलकावरचं सगळ्यात मोठं नाव वाचूनच ठरवतात."

भाऊसाहेबांनी संगणकाच्या पडद्यावरच्या फलकाकडे पाहिलं. "माझं नाव नकोच," ते हळूच म्हणाले.

ते गेल्यावर तिनं लीलाबाईंचं नाव फलकभर पसरलं आणि टेबलावर डोकं टेकलं.